निळ्या वॅगनचे ब्रेक

१

रविवारी चर्चमधून घरी आलं की विन्स युर्कोनिस कोट खुंटीला लावायचा, तेलकट डगला चढवायचा आणि मागच्या गल्लीतल्या गॅरेजकडे निघायचा. त्याच्यामागे त्याची मुलगी लिओना, हातात कॉफीचा थर्मास. दोन वर्षं हा क्रम चुकला नव्हता.

गॅरेजमध्ये गाडी उचलून धरणाऱ्या चार लोखंडी घोड्यांवर एक निळी स्टेशन वॅगन उभी होती. १९६६ची, म्हणजे लिओनापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आणली तेव्हा मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार होता आणि तळाच्या भोकांतून जमीन दिसायची. आता तळ नवा होता, वायरी नव्या होत्या, इंजिन पहिल्या किल्लीला सुरू व्हायचं आणि तो आवाज ऐकला की लिओनाच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. उरले होते ते फक्त ब्रेक.

आणि उरला होता एकच आठवडा. शनिवारी सकाळी नऊ वाजता गाडी तपासणीसाठी रोमान्कोच्या गॅरेजमध्ये न्यायची होती. काचेवर पास झाल्याचं स्टिकर लागलं, तर गाडी लिओनाची आणि घरी येताना तीच चालवणार. नाही लागलं, तर त्याच दुपारी लेनीमामा ती ट्रेलरवर चढवून नेणार. लेनी हा आईचा भाऊ. काउंटीच्या जत्रेत जुन्या गाड्या एकमेकींवर आपटायची शर्यत असते, तिच्यात तो दरवर्षी उतरायचा आणि लांब पाठीच्या वॅगनवर त्याचा फार जीव. बर्फ पडायच्या आत विन्सला आपला ट्रक गॅरेजमध्ये घ्यायचा होता, म्हणून त्याने लेनीला शब्द देऊन टाकला होता. कोळशाच्या टेकड्यांमधल्या या गावात बाकी काही मोडलं तरी चालतं, शब्द मोडत नाहीत.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर सीटवर, पाय पेडलवर. दुसरं गाडीखाली आडवं, हातात पाना. खालचा म्हणतो, "दाब." वरचा पेडल दाबून धरतो आणि म्हणतो, "दाबलं." मग खालच्याने चाकाजवळचा छोटा स्क्रू सैल करायचा, बुडबुड्यांसकट तेल नळीतून बाटलीत येऊ द्यायचं, स्क्रू पुन्हा आवळायचा आणि म्हणायचं, "सोड." एकट्याने हे काम करायची यंत्रं बाजारात मिळतात, पण युर्कोनिसांच्या घरात त्यांना मान नव्हता.

"माणसाचं उत्तर आल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही," विन्स सांगायचा. "यंत्र उत्तर देतं का? हो की नाही?"

'हो की नाही' हे त्याच्या प्रत्येक वाक्याचं शेपूट होतं.

शाळेत हजेरी घेताना लिओनाचं नाव दोनदा पुकारावं लागे. तिचा आवाज ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच बसून राहायचा. पण गाडीखाली, छोट्या चाकांच्या फळीवर उताणी पडून, नाकापुढे दोन वितींवर लोखंड असताना ती घसा मोकळा करून म्हणायची, "दाब." आणि कोणीतरी लगेच दाबायचं.

२

त्या रविवारी मागचं उजवं चाक झालं. मागच्या डाव्या चाकाचा स्क्रू गंजून बसला होता. लिओनाने त्याला हातोडीने हळूहळू ठोकून वठणीवर आणलं आणि मग काम असं सुरेख लागलं की विचारू नका.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

"सोडलं."

बुडबुडे कमी होत गेले. ते चाक आटोपून ती फळीवरून सरकत पुढच्या उजव्या चाकाकडे गेली, मग डाव्या. एकदाही थांबावं लागलं नाही. नळीतलं तेल मधासारखं सलग वाहू लागलं तेव्हा तिला हसूच आलं. शेवटचा स्क्रू आवळून ती बाहेर सरकली, तर गॅरेजच्या दारातून विन्स आत येत होता. हातात कागदी बशा, त्यांत चर्चच्या हॉलमधली बटाट्याची धिरडी.

"रांग बघायला हवी होतीस," तो म्हणाला. "शेजारच्या शुकिसबाईंनी माझ्यासमोर सहा उचलली. सहा. आणि डॉक्टरने तेलकट बंद केलंय म्हणून सगळ्या गावाला सांगत फिरतात."

लिओनाने गाडीकडे पाहिलं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं. सीट रिकामी होती.

"तू कधी गेलास, डॅडी?"

"तू हातोडी चालवत होतीस तेव्हा. ओरडून सांगितलं की."

"किती वेळ झाला?"

"अर्धा तास असेल. का गं? खाली झोप काढलीस की काय?"

तो बशा बाकावर ठेवून सीटवर बसला आणि त्याने पेडलवर पाय ठेवला. त्याच्या भुवया वर गेल्या. "हे तर झालंय की. मला वाटलं तीन चाकं राहिलीत." त्याने डोकं खाजवलं. "म्हातारा झालो. हो की नाही?"

लिओना धिरड्याचा तुकडा चावत राहिली. उत्तरं आपणच मनातल्या मनात दिली असतील, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. पण बाटली काठोकाठ भरली होती, आणि बाटली काही मनातल्या मनात भरत नाही. बोलावं असं वाटलं. मग वाटलं, बोललं की डॅडी सगळं पुन्हा तपासायला घेईल, आई म्हणेल पोरीला तेलाच्या वासाने भास होतात, आणि शनिवार निघून जाईल.

ब्रेक लागत होते. तिने धिरड्याचा दुसरा तुकडा तोडला.

३

मंगळवारी पेडल पुन्हा मऊ झालं. मागच्या डाव्या चाकात, ब्रेकच्या लोखंडी ड्रमच्या आत, तेलाचा जुना सिलिंडर पाझरत होता. नवा मागवला तर तो गुरुवारी येणार होता आणि गोदामात जादा काम निघाल्यामुळे विन्स शुक्रवारपर्यंत दोन-दोन पाळ्या करणार होता.

बुधवारी संध्याकाळी लेनीमामा आला. एका हातात मोजपट्टी, दुसऱ्या हातात पिवळ्या रंगाचा डबा.

"भाची, आकडा कुठला आवडतो सांग," तो म्हणाला. "दारावर मोठा रंगवणार आहे. तुझ्या आवडीचा टाकतो, म्हणजे तुला वाईट वाटायला नको."

लिओना ड्रम घासत होती. तिने मान वर केली नाही.

"सत्तेचाळीस? तेरा? बरं, तुझं वय टाकू. सोळा." त्याने पट्टी गाडीच्या पाठीला लावली. "काय पाठ आहे. हिने मागे जाऊन एक दणका दिला की समोरच्याचा रेडिएटर त्याच्या मांडीवर."

"पट्टी काढ, मामा."

"बोलली," लेनी छताकडे बघून म्हणाला. "वर्षभरात पहिल्यांदा बोलली. तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी."

तेवढ्यात गाडीत सीटची स्प्रिंग करकरली. माणूस जागा बदलून नीट बसतो तशी, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. लेनीची पट्टी हातातल्या हातात राहिली.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही," लिओना चटकन म्हणाली. "स्प्रिंग जुनी आहे."

तो वाकून काचेतून बघायला लागला. बराच वेळ बघत होता. मग रंगाचा डबा तिथेच विसरून निघून गेला. जाताना विनोदही केला नाही.

लिओनाच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटायला हवी होती. पण छातीत जे धडधडत होतं ते भीतीसारखं नव्हतं. परीक्षेत येणारा प्रश्न आधीच कळल्यावर होतं, तसं काहीतरी होतं.

४

गुरुवारी सिलिंडर आला. तिने तो एकटीने बसवला, दोनदा उलटा आणि तिसऱ्यांदा सुलटा. शुक्रवारी साडेतीनला शाळेतून आली तेव्हा फक्त हवा काढायची राहिली होती. डॅडी मध्यरात्रीशिवाय येणार नव्हता. आई शिवणकामाच्या कारखान्यात सहापर्यंत.

शुकिसबाईंना विचारणं सोपं होतं. त्यांचं घर म्हणजे यांच्याच घराचा दुसरा अर्धा भाग, मधे एक भिंत. लिओना त्यांच्या पायऱ्या चढली. आतून टीव्हीवरचा टाळ्यांचा आवाज येत होता. 'बाई, जरा येऊन पेडल दाबाल का?' हे एवढंच वाक्य तिने तीनदा ओठांतल्या ओठांत म्हटलं. दारावर मारायला मूठ उचलली. मग मूठ खाली घेऊन ती पायऱ्या उतरली, कान लाल झालेले.

गॅरेजमध्ये ऊन तिरपं आत आलं होतं. तिने मोठं दार लावून घेतलं, बॉनेटखालचा मास्टर सिलिंडर ब्रेकच्या तेलाने भरला, ड्रायव्हरच्या सीटवरची चादर झटकून नीट केली. कोणासाठी नीट केली, हे तिने स्वतःला विचारलं नाही. मग फळीवर पडून मागच्या डाव्या चाकाखाली सरकली, नळी लावली, पाना लावला.

"दाब," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक आला.

काही झालं नाही. भिंतीपलीकडे कुठल्यातरी नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. तिला स्वतःचं हसू आलं, आणि त्याहून जास्त निराशा झाली.

तिने घसा मोकळा केला. "दाब."

वर स्प्रिंग करकरली. पेडलचा दांडा हलल्याचा, ओळखीचा, दबका टक् असा आवाज आला.

"दाबलं."

रविवारी तिने हा आवाज डॅडीचा मानला होता. आता कान देऊन ऐकला तेव्हा कळलं, तो ना पुरुषाचा होता ना बाईचा. परक्याच्या घरी जेवायला बसलेलं माणूस बोलतं तसा, जपून आलेला आवाज. तिच्या हातांवर काटा आला, पण हात थांबले नाहीत. स्क्रू सैल केला. तेल आलं, फसफसत, पांढरं.

"सोड."

"सोडलं."

दहा वेळा. वीस वेळा. कसली घाई नाही, कसली चूक नाही. तिने आवळायच्या आत एकदाही पेडल सुटलं नाही. डॅडीचा पायसुद्धा कधीकधी लवकर सुटायचा. तिला मनातून म्हणावंसं वाटलं, वा, तुला येतं की हे. आणि ती म्हणालीही, "छान करतोयस."

 वरून पुढचं "दाबलं" जरा मोठ्याने आलं.

५

तीन चाकं झाली. चौथ्याखाली सरकायला तिने फळी ढकलली, तेव्हा तिने काही म्हणायच्या आधीच आवाज आला.

"आता तू वर. मी खाली."

लिओना पडून राहिली. डॅडीबरोबर काम करताना अशी अदलाबदल नेहमीच व्हायची. खालच्याची मान अवघडते, वरच्याचा पाय भरून येतो. मागणी रास्त होती. नाही म्हणायला कारण सापडेना. आणि खरं सांगायचं तर चौथं चाक राहिलं तर उद्या स्टिकर नाही.

"बरं," ती म्हणाली.

ती बाहेर आली, डोळे जमिनीवर ठेवून गाडीला वळसा घालून गेली आणि सीटवर बसली. चादर ऊबदार होती. खाली फळीची चाकं चुरचुरत पुढच्या डाव्या चाकाकडे गेली. पाना स्क्रूवर बसल्याचा खटका ऐकू आला.

"दाब."

तो लिओनाचा आवाज होता. शाळेतला नव्हे. गाडीखालचा, मोकळा, भरदार.

ती स्टीअरिंग धरून बसली. समोर बंद दार, दाराच्या फटीत उन्हाची रेघ. उठून जाता आलं असतं. पायऱ्या, स्वयंपाकघर, आईने झाकून ठेवलेलं कोबीचं आणि शेवयांचं भांडं, सगळं चाळीस पावलांवर होतं. तिने पेडल दाबलं.

"दाबलं," ती म्हणाली. हे मात्र शाळेतल्या आवाजात आलं.

पायाखाली पेडल हळूच बसत गेलं. म्हणजे खाली खरोखर कोणीतरी स्क्रू सैल केला होता. तिने आयुष्यात पहिल्यांदा कोणाबरोबर काही इतकं बरोबर केलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं, आनंदाचं.

"सोड."

"सोडलं."

काम संपलं तेव्हा पेडल दगडासारखं होतं. ती बराच वेळ बसून राहिली. खालून फळीचा आवाज पुन्हा आला नाही. कोणी बाहेर आलं नाही. शेवटी तिने चाकं चढवली, गाडी घोड्यांवरून उतरवली. पाना बाकावर होता, ती ठेवते तसाच, फडक्यात गुंडाळून. तिने तो ठेवला नव्हता.

६

"एकटीने?" शनिवारी सकाळी पहिल्या वळणावर ब्रेक दाबून विन्सने विचारलं. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"हो."

"हवा कशी काढलीस? पेडल कोणी दाबलं?"

"जमलं," लिओना म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, असं तिने स्वतःला सांगितलं.

"जमलं म्हणे." विन्स रस्ताभर स्वतःशीच हसत होता. दर कोपऱ्यावर कारण नसताना ब्रेक मारून बघत होता. "येताना तू चालवायचीस. मी बाजूला बसून नुसता हात हलवणार सगळ्यांना. हो की नाही?"

रोमान्कोच्या अंगणात लेनीमामा आधीच ट्रेलर लावून उभा होता. "खांदेकरी बरे नेहमी वेळेवर येतात," विन्स त्याला म्हणाला, आणि दोघं सिगरेट पेटवून बाहेरच बोलत राहिले.

रोमान्को म्हणजे सत्तरीचा, पाठीत वाकलेला, हातात सतत विजेरी. त्याने गाडी लिफ्टवर घेतली. "पोरी, तू काचेपलीकडे थांब," तो म्हणाला. "गाडी वर असताना खाली कोणी नको आणि आतही कोणी नको."

लिओना ऑफिसात गेली. काचेला नाक लावून उभी राहिली. निळी गाडी वर गेली, माणसाच्या डोक्याच्याही वर. आपण बदललेला प्रत्येक पाइप, प्रत्येक नट खालून दिसत होता आणि त्याला मिठी मारावी इतका तो तिला सुंदर वाटत होता. रोमान्को विजेरी फिरवत हुंकार भरत होता. बरे हुंकार होते.

मग तो थांबला. "च्च. पेडल दाबायला आधी कोणीतरी बसवायला हवं होतं," तो पुटपुटला. "आता परत खाली घ्या."

"दाबू?"

आवाज वरून आला होता. गाडीतून.

रोमान्कोने मान वर केली. मग तो खो-खो हसला. "वरच राहिलीस होय? अगं पोरी, विमावाल्यांनी पाहिलं तर माझी मान धरतील. दाब आता, बसलीच आहेस तर."

"दाबलं."

मोकळा, भरदार आवाज. रोमान्को नळ्यांवर विजेरी टाकून बघत होता. काचेपलीकडे लिओनाने तोंड उघडलं. 'मी इथे आहे,' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. ते ओठांपर्यंत आले आणि तिथेच बसून राहिले. म्हटलं असतं तर त्याने तपासणी थांबवली असती. फक्त दोन मिनिटं, तिने विचार केला. स्टिकर लागू दे, मग सांगते.

"सोड," रोमान्को म्हणाला. "सुरेख. एक थेंब नाही. कोणी केलं हे काम?"

"मी," वरून उत्तर आलं.

तो ऑफिसात आला. लिओनाच्या बाजूने जाऊन त्याने खण उघडला, स्टिकर काढलं, शीळ घालत अर्जावर काहीतरी लिहिलं. तिच्याकडे पाहिलं नाही. लोक तिच्याकडे बघत नाहीत, याची तिला सवय होती.

"मिस्टर रोमान्को," ती म्हणाली.

दार त्याच्यामागे बंद झालं.

७

लिफ्ट खाली आली. रोमान्कोने काच पुसून कोपऱ्यात स्टिकर चिकटवलं आणि अंगठ्याने दाबलं. मग तो खिडकीवर वाकून आतल्या माणसाशी बोलू लागला. आतल्या माणसाने काहीतरी म्हटलं आणि म्हातारा पोट धरून हसला.

गाडीच्या काचेवर उजेड पडला होता, म्हणून लिओनाला आधी फक्त हात दिसले. स्टीअरिंगवर, दोन्ही नीट, नियमाप्रमाणे. मग हिरव्या स्वेटरची बाही. तिने स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. मग वेणी, खांद्यावरून पुढे घेतलेली. स्टीअरिंगमागे लिओना बसली होती. तिचा चेहरा दाराच्या खांबाआड होता, फक्त गालाची कड दिसत होती, आणि ती हसत होती.

विन्स सिगरेट विझवून पळतच आला. त्याने स्टिकर पाहिलं, छतावर दोन थापा मारल्या, दार उघडून बाजूला बसला. लेनीमामा हात वर करून हरल्याचा अभिनय करत होता. ड्रायव्हरच्या खिडकीतून त्याला काहीतरी उत्तर मिळालं, चांगलंच झणझणीत असावं, कारण लेनी क्षणभर बघतच राहिला आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून हसला. विन्सही हसत होता, मान मागे टाकून, लिओनाने त्याला कधी हसताना पाहिलं नव्हतं तसा. तो आपल्या मुलीकडे बघत होता. किती बोलायला लागली, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

लिओनाने काचेवर तळवा मारला. पुन्हा मारला. अंगणातल्या कोणीही मान वळवली नाही.

इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. निळी वॅगन अंगणातून संथ बाहेर निघाली, गिअर न कुरकुरता, खड्डा चुकवून. आणि काचेमागे उभ्या असलेल्या मुलीच्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते भीतीचं नव्हतं. किती छान चालवतेय, तिला वाटलं.

रस्त्याच्या तोंडाशी मागचे दोन्ही लाल दिवे एकदम लागले. गाडी जराही न हिसकता, पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे उभी राहिली. मग दिवे विझले, आणि ती डावीकडे, घराच्या दिशेने वळली.